शाल्मलीला, रस्त्याबद्दल

नकाशा मागितलास. माझ्याकडे नकाशा नाही.
मोबाइल दर वेळी खाडीतच सिग्नल सोडतो
आणि त्याच्या हिशोबाने मी साडेसहा ते आठ
पाण्यावर सायकल चालवत असते.

तर सांगते तशी जा.
मार्व्याच्या धक्क्यावरून पहाटेची फेरीबोट.
ओहोटी असेल तर फळीवरून उतरताना
सायकल खांद्यावर घे, चाकं चिखलाला लावू नकोस;
तो वाळला की चेनमध्ये महिनाभर दळण दळतो.
बोटीत कोळणींच्या रिकाम्या टोपल्या असतील.
त्यांना जागा दे. तुझ्या हेल्मेटकडे बघून
त्या आपसात काहीतरी बोलतील, हसतील.
चालायचंच.

मनोरीतून हळू.
गल्ली हँडलाएवढीच रुंद आहे
आणि दोन्ही बाजूंनी लोकांची सकाळ चाललेली असते,
दात घासणं, रेडिओ, कुणाला तरी हाका.
इथे चर्चला देऊळ म्हणतात.
केवढ्या जुन्या काळाचा दगड, आणि त्याच्या पायरीवर
शाळेच्या बुटांचा एक जोड वाळत घातलेला.
पुढे बोंबलांच्या वलांडी.
श्वास तोंडाने घे. दहा मिनिटांत नाक गावचं होतं.

मग फाटा. उजवीकडे सपाट, सगळे तिकडे जातात.
तू डावीकडे.
पहिला चढ फसवा. चढ वाटतच नाही,
नुसतं वाटतं की आज आपल्याला बरं नाही.
दुसऱ्याला गावात नाव आहे: पाववाल्याची चढण.
ताडांच्या रांगेपासून क्रुसापर्यंत
सगळ्यात हलक्या गिअरवर एकशे बारा पॅडल.
मी मोजते. मोजलं नाही तर उतरावंसं वाटतं.

क्रुसाजवळ बस्त्याव काका बसलेले असतात.
शेजारी हवेचा पंप. विकायचा नाही, भाड्याचाही नाही.
बत्तीस वर्षं ह्याच चढणीवरून
बिनगिअरच्या काळ्या सायकलवर त्यांनी पाव नेले,
मागे टोपली, टोपलीवर मेणकापड.
माझी सायकल त्यांनी पहिल्यांदा पाहिली
तेव्हा एका बोटाने उचलली, किंमत विचारली.
मी निम्मी सांगितली,
तरी त्यांनी छातीवर क्रूस केला.
"अन् पाव कुठं ठेवायचे गो बाय, ह्याच्यावर?"

गेल्या फेब्रुवारीत म्हणाले, दे जरा.
दिली. काय म्हणणार होते?
काठी माझ्या हातात, चपला क्रुसाच्या पायथ्याशी,
आणि एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस अनवाणी
वळणाआड, घंटी चाचपत.
घंटी नाहीच म्हटल्यावर
तोंडानेच पों पों करत.

मी उभी. दहा मिनिटं. वीस.
खाली समुद्र होता. म्हणजे रोजच असतो,
पण इतकी वर्षं मी तो फक्त उतारावर
डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला होता.
आताही नीट पाहिला नाहीच;
दवाखाना किती लांब, त्यांच्या मुलीचं नाव काय,
दुल्सिन की दुसरंच काही, हेच डोक्यात.
खाली कुत्री भुंकत होती, एका घराची, मग पुढच्या घराची,
त्यावरून कळत होतं ते कुठवर पोचलेत.

चाळीस मिनिटांनी आले, सायकल हाताने ढकलत,
बनियन अंगाला चिकटलेलं,
हँडलला फडक्यात बांधलेली दोन अंडी.
"सात घरं होती माझी. दोन उघडली," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "ब्रेक झकास. आमच्याला ब्रेक नव्हते, पाय होते."
एक अंडं मला दिलं. सायकलवरून अंडं घरी नेणं
ह्याबद्दल पुन्हा कधीतरी.

पुढे उतार आहे, तो मी सांगणार नाही,
उतार सांगून कळत नाही.
वळणावर खडी असते, एवढंच.

तू जा. क्रुसाशी थांब, पाणी पी.
त्यांनी मागितली तर दे.
फक्त आधी सीट खाली कर, चार बोटं.
त्यांचे पाय पोचत नाहीत,
आणि ते सांगत नाहीत.